दारू सोडताना मेंदूत काय होतं

(बल्लारपूर इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

सुरुवात घरातल्या एका गोष्टीने करतो. ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी मोठ्याने बोललं नाही.

माझे चाचा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. रोज रात्री प्यायचे. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, पण घरात तो शब्द निघत नसे. "तबियत ठीक नाही," एवढंच म्हणायचं. एका वर्षी रमजानचा चांद दिसला त्या रात्री त्यांनी दादीचा हात हातात घेऊन कसम खाल्ली: आजपासून बंद. घरात आनंदीआनंद. पहिल्या इफ्तारीला त्यांच्या हातातून खजूर खाली पडला. हात थरथरत होते. आम्हाला वाटलं, रोजा लागला असेल. दुसऱ्या दिवशी सहरीच्या वेळी त्यांना झटका आला. मोहल्ल्याला सांगितलं, मिरगी आहे. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वारलेल्या आजोबांशी बोलायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, असर आहे. आमिल आले, ताविज बांधला, पाणी दम करून दिलं. चौथ्या दिवशी अंगात फणफणून ताप आणि शुद्ध नाही, तेव्हा कुठे रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेतात का?" आणि घरातल्या चार मोठ्या माणसांनी एका आवाजात सांगितलं, "नाही."

आज मी बोलणार आहे ते या "नाही"बद्दल. त्या एका शब्दाची किंमत मेंदूला कशी मोजावी लागते, आणि वेळेवर "हो" म्हटलं तर तोच मेंदू किती भरून येऊ शकतो, याबद्दल.

आपण बल्लारपूरचे. बल्हारशाह जंक्शनवर उभं राहून सिग्नल बघितलेला प्रत्येकजण मेंदूचं काम समजू शकतो. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना स्पर्श करत नाहीत. दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते आणि त्या फटीतून एक पेशी दुसरीकडे रसायन सोडते. ते रसायन पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं. कुलपात किल्ली बसावी तसं. त्यातून पलीकडच्या पेशीला निरोप जातो: पुढे चल, किंवा थांब. यालाच पेशींमधले संकेत म्हणतात. ढोबळ मानाने, "पुढे चल" सांगणारं मुख्य रसायन आहे ग्लुटामेट. हा हिरवा सिग्नल. "थांब" सांगणारं मुख्य रसायन आहे गाबा. हा लाल. दोन्हींचा तोल असला की गाड्या वेळेवर आणि टक्कर न होता धावतात.

दारू गाबाच्या ग्राहीवर काम करते आणि लाल सिग्नलचा जोर वाढवते. ग्लुटामेटच्या एका महत्त्वाच्या ग्राहीला, एनएमडीएला, ती दाबून धरते. म्हणून प्यायलेला माणूस सैलावतो, जीभ जड होते, तोल जातो, आणि रात्री काय झालं ते सकाळी आठवत नाही. कारण नवी आठवण पक्की करायला हाच एनएमडीए ग्राही लागतो.

पण मेंदू गप्प बसणारा अवयव नाही. महिनोन्‌महिने रोज रात्री लाल दिवे जास्त पेटतात हे पाहून तो स्वतःच दुरुस्ती करतो. गाबाच्या ग्राहींची संवेदना कमी करतो आणि ग्लुटामेटच्या ग्राहींची संख्या वाढवतो. म्हणजे लाल दिवे मंद करतो आणि हिरवे दिवे जादा बसवतो. म्हणूनच जुन्या पिणाऱ्याला तेवढ्याच नशेसाठी जास्त लागते. ही जुळवाजुळव दारू चालू असेपर्यंत कशीबशी टिकते.

आता चांदरात्री एकदम दारू थांबली. दारूने दिलेला लालचा आधार गेला. मेंदूचे स्वतःचे लाल दिवे मंद झालेले आणि हिरवे दुप्पट तेजाने पेटलेले. सगळ्या रुळांवर एकाच वेळी "चला". हात थरथरणं, घाम, धडधड, झोप न येणं, हे पहिल्या 24 तासांत. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेल्या मुंग्या दिसतात, मेलेली माणसं दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरू शकतो.

माझ्या चाचांचं वेळापत्रक आठवून पाहा. पहिली इफ्तारी, दुसरी सहरी, तिसरी रात्र. जिन्न त्यात कुठेच नव्हता. एकही लक्षण पुस्तकाबाहेरचं नव्हतं.

म्हणून आज घरी घेऊन जायची पहिली गोष्ट ही: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने डॉक्टरला न दाखवता एका दिवसात दारू बंद करायची नाही. दारू सोडायचीच आहे, पण रुळांवर गाड्या आदळू न देता. त्यासाठी डॉक्टर काही दिवस डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधं देतात. ती गाबाच्या ग्राहीवरच काम करतात आणि मोजून, रोज कमी करत, बंद केली जातात. ही औषधं दुकानातून आपल्या मनाने घ्यायची नाहीत. त्यांचंही व्यसन लागतं, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास थांबू शकतो.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त टोचणारी आहे. असा एकदम सोडण्याचा झटका जितक्या वेळा बसतो, तितका पुढचा झटका जास्त जोरात येण्याची शक्यता असते. दर वेळी मेंदू जास्त भडकतो. दर रमजानला एकदम सोडायची आणि ईद झाली की परत धरायची, असं दहा वर्षं करणारे लोक आपल्या मोहल्ल्यात आहेत. आपण त्यांना म्हणतो, "निदान महिनाभर तरी पाळतो बिचारा." त्या बिचाऱ्याच्या मेंदूला दर वर्षी एक झटका बसतो, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता नुकसान नक्की कुठे होतं ते पाहू.

एक रस्ता पोटातून जातो. मेंदूला साखरेतून ऊर्जा काढायला थायमिन लागतं, म्हणजे जीवनसत्त्व ब-1. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही आणि यकृतात साठू देत नाही. त्यात पिणारा माणूस नीट जेवत नाही. आपला भाग भाताचा, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात थायमिन फारसं उरतच नाही. थायमिन संपलं की मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मरायला लागतात. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये याचं वर्णन केलं: गोंधळलेलं मन, डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या, चाल लडखडती. सगळ्यांमध्ये ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसत नाहीत, आणि दिसली तरी लोक म्हणतात, "चढलीय त्याला." ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर यांनी शवविच्छेदनात या आजाराच्या खुणा सापडलेल्या माणसांचे कागद तपासले, तेव्हा जिवंतपणी निदान झालं होतं फक्त पाचातल्या एकाचं. 1991 पासून ऑस्ट्रेलियात पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं आहे.

यावर उपचार आहे आणि तो महाग नाही: थायमिनचं इंजेक्शन. पण एक पथ्य आहे. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडू शकतं. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा त्याच्याबरोबर द्यायचं. आता तो प्रश्न पुन्हा आठवा: "दारू घेतात का?" घरच्यांनी "नाही" सांगितलं, तर डॉक्टरच्या मनात थायमिन यायचं कसं? बेशुद्ध माणसाला सलाईन लावायचं, एवढंच समोर दिसतं. वेळेवर थायमिन मिळालं नाही तर पुढची पायरी कोर्साकॉफची. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकॉफ यांनी 1887 मध्ये ती मांडली. त्यात माणसाला नवं काही लक्षात राहत नाही. पाच मिनिटांपूर्वी कोण आलं होतं ते पुसलं जातं, आणि रिकामी जागा तो नकळत बनवलेल्या गोष्टींनी भरतो. घरचे म्हणतात, खोटं बोलतो. तो खोटं बोलत नसतो.

दुसरा रस्ता मेंदूतल्या सूजेचा. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या साफसफाई आणि राखण करतात. सतत दारू मिळाली की त्यांच्यावरचा टीएलआर-4 हा ग्राही चेतवला जातो, त्यातून पेशीच्या केंद्रकापर्यंत धोक्याचा निरोप जातो, आणि राखणदारच दाह निर्माण करणारी रसायनं सोडायला लागतात. त्याच वेळी बीडीएनएफ नावाचं प्रथिन कमी पडतं. चेतापेशींना जगवणारं, त्यांना नव्या फांद्या फुटू देणारं हे प्रथिन म्हणजे मेंदूतलं खतच. कचरा वाढला आणि खत कमी झालं, तर शेताचं काय होईल? याचा मोठा फटका बसतो कपाळामागच्या भागाला. थांबायचं कधी, राग आवरायचा कसा, उद्याचा विचार करायचा, हे तिथे ठरतं. हार्पर यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवलं की दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांच्या पुढच्या मेंदूच्या वरच्या भागात चेतापेशी सुमारे 22 टक्के कमी होत्या.

म्हणजे बघा, "मनावर ताबा ठेव" असं आपण त्याला ज्या मनाबद्दल सांगतो, तो ताबा ठेवणारा भागच दारूने जखमी केलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण समोर बहिणी बसल्या आहेत. आजार आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. पिणाऱ्याच्या उपचाराची जबाबदारी आपली सगळ्यांची आहे, पण त्याच्या बायकोने मार खात थांबावं ही अपेक्षा कुणी करायची नाही. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे.

आता मुख्य प्रश्न. हे नुकसान भरून येतं का?

आपल्या जिल्ह्यात जमिनीतून दोन गोष्टी निघतात, कोळसा आणि बांबू. सास्तीच्या खाणीतून काढलेला कोळसा परत येत नाही. पण पेपर मिलला ज्या जंगलाने वर्षानुवर्षं बांबू पुरवला, तिथे बांबू नीट तोडला तर जमिनीखालच्या कंदातून पावसाळ्यात पुन्हा कोंब येतात. मेंदू यातला कोणता? विसाव्या शतकात बराच काळ शास्त्रज्ञांचं मत होतं, कोळसा. मोठ्या माणसाच्या मेंदूत गेलं ते गेलं. 1960 च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांना मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दिसल्या, पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. 1998 मध्ये पीटर एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, मोठ्या वयातही नव्या चेतापेशी तयार झाल्याच्या खुणा दाखवल्या. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद आहे. 2018 मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी एकमेकांच्या विरुद्ध निष्कर्ष काढले.

दारूबद्दल मात्र फार बोलका प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत किम निक्सन आणि फुल्टन क्रूज यांनी 2004 मध्ये उंदरांना चार दिवस भरपूर दारू दिली आणि मग बंद केली. नशेत असताना हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बनणं मंदावलं. पण दारू थांबल्यावर सातव्या दिवशी पेशींच्या वाढीत मोठी उसळी आली आणि त्यातून नव्या चेतापेशी घडल्या. म्हणजे रस्ता मोकळा झाल्याबरोबर मेंदूने दुरुस्ती सुरू केली होती.

माणसांचं काय? 1978 मध्ये कॅनडात पीटर कार्लन यांच्या गटाने सीटी स्कॅनवर दाखवलं की दारू सोडलेल्या काही रुग्णांचा आकसलेला मेंदू पुन्हा थोडा भरून आला. 2007 मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या अभ्यासात, सहा-सात आठवडे दारूपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूचं आकारमान सरासरी जवळपास दोन टक्के वाढलेलं दिसलं. त्यांचं लक्ष लागणंही सुधारलं. हे नुसतं पाणी भरल्याने झालेलं नव्हतं, पेशींच्या कामाच्या रासायनिक खुणाही सुधारल्या होत्या. ज्यांनी जास्त वर्षं प्यायली होती, त्यांच्यात भर कमी पडली.

हे होतं कसं? मेलेल्या चेतापेशी बहुतेक ठिकाणी परत येत नाहीत. तो कोळसा. पण जगलेल्या पेशींना नव्या फांद्या फुटतात, नवे जोड तयार होतात. तारांवरचं मायलिनचं आवरण सुधारतं. लाल-हिरव्या दिव्यांचा तोल काही आठवड्यांत हळूहळू मूळपदावर येतो. राखणदार पेशी शांत होतात. बीडीएनएफ पुन्हा वाढतं. हा सगळा बांबू. आणि त्याला पाणी घालता येतं: पोटभर जेवण, डाळ आणि शेंगदाणे, नियमित झोप, रोजचं चालणं. धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त तयार होतात, हे 1999 मध्येच दिसलं आहे.

पण बांबूचे कोंबही दर वर्षी गुरांनी खाल्ले तर बेट संपतं. भरून येण्याची ताकद वयाबरोबर आणि पिण्याच्या वर्षांबरोबर कमी होत जाते. म्हणूनच लपवण्यात गेलेला वेळ सर्वांत महाग.

आणि लपवतो कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुस्लिम पुरुषांमध्ये दारू पिण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसतं. ही चांगली गोष्ट आहे आणि त्यात आपल्या धर्माचा वाटा आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हराम आहे म्हणून पिणाऱ्यांची संख्या घटते. त्याच शब्दामुळे उरलेले दवाखान्यात जात नाहीत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या 38 भारतीयांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. सगळ्या समाजांचं मिळून हे असं आहे. जिथे शब्दच उच्चारायचा नाही, तिथे काय असेल याचा अंदाज करा.

कुणी म्हणेल, तुम्ही हरामला आजार म्हणून सूट देता. नाही. दारू हराम आहे, यावर माझा वाद नाही. पण दारूबंदीचा हुकूम टप्प्याटप्प्याने आला, हे आपण मदरशात शिकलो आहोत. आधी तोट्याची जाणीव, मग नशेत नमाजच्या जवळ न जाणं, मग पूर्ण मनाई. सवयीत मुरलेल्या माणसांचा तिथे विचार झालेला आहे. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभाही आहे. मग दारू सोडण्याच्या उपचाराचे आठ-दहा दिवस रोजा न धरणाऱ्याकडे आपण वाकड्या नजरेने का बघायचं? त्याने तौबा केलीय. आता त्याला दवाही घेऊ द्या.

आपल्या जिल्ह्याने दारूवर मोठी लढाई लढली आहे. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर पायी गेलेल्या बाया, पारोमिता गोस्वामींची श्रमिक एल्गार, शेकडो ग्रामपंचायतींचे ठराव. मग 1 एप्रिल 2015 पासून बंदी, आणि 2021 मध्ये ती उठली. बंदी बरोबर की चूक यावर या सभागृहात दोन मतं असतील. पण बंदी होती तेव्हाही आणि उठल्यावरही, ज्याला रोज लागते त्याच्या मेंदूतले दिवे तसेच बिघडलेले होते. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तरी डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 2016 पासून 'मुक्तिपथ'मध्ये गावसंघटनांच्या जोडीला व्यसन-उपचाराचे दवाखाने आणि शिबिरं घेतली. बाटली अडवणं आणि माणूस बरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांना कळलं. आपल्यालाही कळायला हवं.

आणि हा हक्क आहे, उपकार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे. रुग्णाला सरकारी उपचाराचा हक्क आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. म्हणजे डॉक्टरला "हो" सांगितलं तरी मोहल्ल्याला कळणार नाही. हे एक वाक्य घराघरांत पोचवा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. आत्ता फोनमध्ये टाका.

आपल्यासाठी काम एकच सुचवतो. रमजानच्या पंधरा दिवस आधी, शाबानमध्ये, आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना भेटा. जुम्याच्या बयानानंतर दोन वाक्यं सांगायची विनंती करा: जे रोज पितात आणि या रमजानला सोडू इच्छितात, त्यांनी सोडण्याआधी डॉक्टरला भेटावं, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा घरच्यांनी खरं सांगावं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. इमाम साहेबांना पटेल अशा भाषेत तुम्हीच समजावा. काही जण नाही म्हणतील. पुढच्या वर्षी परत जा.

चाचांचं काय झालं ते राहिलं. त्या दिवशी वॉर्डात एका नर्सने अम्मीला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, आणि अम्मी हो म्हणाली. घरातल्या माणसांच्या विरोधात जाऊन ती पहिल्यांदाच काही बोलली असावी. चाचा वाचले. त्यानंतर ते प्यायले नाहीत. तीन-चार महिन्यांत हातांची थरथर गेली, हिशोब जमायला लागला, शेजारच्या दुकानात बसायला लागले. ट्रक मात्र परत चालवता आला नाही. आजही आमच्याकडे आले की अम्मीला विचारतात, "भाभी, जेवलात का?" दहा मिनिटांनी परत विचारतात. अम्मी दर वेळी तितक्याच शांतपणे सांगते, जेवले.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.